पगारपत्रकातला एक टक्का

२०१४ साली वडिलांनी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना माझ्या हाती दिला. सूत, बीम, डॉबी, व्यापाऱ्यांची उधारी हे सगळं लहानपणापासून डोळ्यांखालून गेलेलं. कामगार कायद्याचं काय, तर ‘ते कन्सल्टंट बघतात’. त्याच वर्षी १ सप्टेंबरला पीएफची, म्हणजे भविष्यनिर्वाह निधीची, वेतनमर्यादा महिन्याला ६,५०० वरून १५,००० रुपये झाली. मला ते कळलं ते चलनाचा, म्हणजे भरणा पावतीचा, आकडा वाढल्यावर.

नव्याने कारखाना सुरू करणाऱ्यांसाठी २०१९ ची गोष्ट आधी सांगतो. त्या वर्षी १ जुलैपासून ईएसआयसीचे, म्हणजे कामगार राज्य विम्याचे, दर उतरले. कामगाराचा हिस्सा १.७५ वरून ०.७५ टक्के, मालकाचा ४.७५ वरून ३.२५ टक्के. पोर्टलवर भरणा नव्या दराने होऊ लागला, पण आमच्या पगारपत्रकाच्या एक्सेलमधलं सूत्र जुनंच राहिलं. भरणा कमी, कपात जास्त आणि फरक आमच्या खात्यात पडून. दोन पगार असे गेले. मग कांडी भरणाऱ्या एक बाई पगारचिठ्ठी घेऊन ऑफिसात आल्या. म्हणाल्या, “मालक, माझ्या बहिणीचं गारमेंटमध्ये कमी कापालेत, आमचंच जास्ती कसं?” दहा हजारांवर महिन्याला शंभर रुपये. त्यांच्या घरात त्या शंभराची किंमत काय असते, हे मला माहीत होतं. त्या आठवड्यात सगळ्यांचे पैसे परत केले, पण तो प्रश्न अजून कानात आहे.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली. पीएफ आणि ईएसआयसी दोन्हींच्या भरण्याची मुदत १५ तारीख. भरणा झाला की मस्टर (हजेरीपट), पगारपत्रक आणि चलन मी स्वतः शेजारी ठेवून पाहतो. मस्टरवर जितकी नावं तितकीच चलनात हवीत. कन्सल्टंट जरूर ठेवा, फॉर्म ते आपल्यापेक्षा चांगले भरतात. पण मागावर काल कोण नवीन आला हे त्यांना कुठून कळणार? दहावा माणूस आला की ईएसआयसी लागू होते, विसावा आला की पीएफ. ही मोजणी कारखान्यातच व्हायला हवी.

किमान वेतनाचं वेगळं. महाराष्ट्रात त्यातला विशेष भत्ता वर्षातून दोनदा बदलतो, १ जानेवारी आणि १ जुलैला. मी ते सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेशी आणि आषाढी वारीशी जोडून ठेवलंय. यात्रेची तयारी दिसू लागली की नव्या दराचं परिपत्रक शोधायचं. ते कधी उशिरा निघतं. मग मागचा फरक काढून द्यावा लागतो, तेवढे पैसे बाजूला ठेवा. आपल्याकडे मागावरचं काम बहुतेक पीसवर, म्हणजे नगामागे मजुरीवर चालतं, म्हणून अनेकांना वाटतं की किमान वेतनाचा आपल्याशी संबंध नाही. तसं नाही. सूत आलं नाही किंवा वीज गेली म्हणून पीस कमी निघाले, तरी कामावर हजर असलेल्याच्या पदरात किमान दरापेक्षा कमी पडून चालत नाही.

आणखी एक ठेच. ईएसआयसीची मर्यादा महिन्याला २१,००० रुपये पगाराची. आमच्या जॉबरचा, म्हणजे माग सांभाळणाऱ्या कारागिराचा, पगार जूनमध्ये त्यापुढे गेला आणि आम्ही त्याच महिन्यापासून त्याची कपात थांबवली. खरं तर एप्रिल ते सप्टेंबर हा अंशदानाचा काळ पूर्ण होईपर्यंत ती चालू ठेवायची असते. पुढे थकबाकी व्याजासह भरली, त्याचा हिस्साही आम्हीच सोसला. राहून गेलेली कपात नंतर पगारातून वळती करता येत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ ला चार कामगार संहिता लागू झाल्या आणि २९ जुने कायदे त्यांत सामावले. सगळं एकदम वाचायला बसू नका, आधी ‘वेतन’ या शब्दाची व्याख्या वाचा. एखाद्या सुपरवायझरचा एकूण पगार २४,००० आहे, मूळ वेतन ९,००० आणि बाकी १५,००० भत्ते. वेतनातून वगळता येणारे भत्ते एकूण रकमेच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले की वरचे ३,००० वेतनातच धरायचे, म्हणजे वेतन १२,०००. ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सोडताना सेवेबद्दल मिळणाऱ्या रकमेचा, हिशेबही आता याच आकड्यावर होतो. मुदतीच्या करारावरच्या माणसाला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी आहे. काम सोडणाऱ्याचा हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता करायचा, त्यामुळे उचलीची (आगाऊ दिलेल्या पैशांची) वही रोजच्या रोज लिहिलेली हवी. आमची तशी नव्हती. महिनाभर बसून नीट केली.

नेमणूकपत्रही आता प्रत्येकाला द्यावं लागतं. आमच्याकडे निम्म्या घरांत तेलुगू बोलतात, म्हणून पत्र मराठीत छापलं आणि मुकादमांकडून तेलुगूत वाचून घेतलं. वाचन चालू असताना दोघांनी हात वर केला, त्यांची जन्मतारीख आधार कार्डापेक्षा वेगळी पडली होती. सह्या थांबवल्या आणि पीएफच्या खात्यातही तीच चूक आहे का, ते आधी पाहिलं. एकाची होती.