धुळीने चोंदलेलं नाक मिठाच्या पाण्याने कसं धुवावं

दिवाळीच्या मागेपुढे खानदेशात कापसाची वेचणी आणि मक्याची मळणी जोरात असते, जिनिंगमध्ये रुईचे तंतू उडत असतात. नाक चोंदलं की हात जातो तो औषधाच्या दुकानातल्या थेंबांकडे. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे हे थेंब पाच-सात दिवसांपलीकडे घातले, तर त्यांच्यामुळेच नाक पुन्हा चोंदायला लागतं. मिठाच्या पाण्याचं तसं नाही, ते रोज वापरता येतं. बारा आठवड्यांवर रेंगाळलेल्या सायनसच्या दुखण्यात युरोपातल्या तज्ज्ञांची २०२० ची मार्गदर्शिकाही स्टिरॉइड स्प्रेच्या जोडीला हेच सांगते.

खरी चूक होते ती पाण्यात. ड्रममध्ये साठवलेलं नळाचं किंवा बोअरचं पाणी तसंच नाकात घालू नका. अशा पाण्यात क्वचित नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा असतो. पोटात गेला तर तो काही करत नाही, पण नाकातून मेंदूपर्यंत पोचला तर रुग्ण सहसा वाचत नाही. फिल्टरचं पाणीही यातून सुटत नाही. पाणी खळखळ उकळू लागल्यावर निदान १ मिनिट उकळत ठेवा आणि झाकून कोमट होऊ द्या.

१ लिटर पाण्याला ९ ग्रॅम, म्हणजे चहाचे दीड सपाट चमचे आयोडीन नसलेलं मीठ आणि अर्धा चमचा खायचा सोडा (बेकिंग पावडर नव्हे). मीठ कमी पडलं तर नाकाच्या आतलं आवरण पाणी शोषून फुगतं आणि झोंबतं. साध्या पाण्याने होणारी आग त्यामुळेच. उरलेलं पाणी २४ तासांनी ओतून द्या.

२४० मिलीची दाबायची बाटली घ्या. बेसिनवर वाकून तोंड उघडं ठेवा, श्वास तोंडानेच घ्या. बाटलीचं टोक नाकपुडीला टेकवून हळू दाबा, पाणी दुसऱ्या नाकपुडीतून बाहेर येतं. निम्मं एका बाजूने, निम्मं दुसऱ्या. मध्येच बोललात किंवा आवंढा गिळलात तर पाणी कानाकडे जातं. जलनेतीचा लोटाही चालतो, फक्त मान कलती करून वरच्या नाकपुडीत ओतायचं. शेवटी दोन्ही नाकपुड्या उघड्या ठेवून हलकेच शिंकरा. एक दाबून जोर लावला की कानात दडे बसतात. झोपायच्या तासभर आधी आटपा, नाहीतर उरलेलं पाणी घशात उतरतं.

डॉक्टरांनी स्टिरॉइड स्प्रे दिला असेल तर तो धुतल्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी मारा: डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, टोक बाहेरच्या बाजूला. मधल्या पडद्यावर मारत राहिलात तर घोळणा फुटतो. बाटली रोज धुऊन उलटी वाळवा, तीन महिन्यांनी बदला.

नाक ठार बंद असेल किंवा कान दुखत असेल तर धुऊ नका. डोळ्याभोवती सूज, एकाच्या जागी दोन दिसणं, तापाबरोबर मान आखडणं, मधुमेह्याच्या नाकात काळी खपली, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर आत बहुधा हरभरा किंवा मणी अडकलेला असतो. तो पाण्याने फुगवू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडूनच काढून घ्या.