जिताड्यासाठी लाकडी लुअर: सामान जमवताना

खाडीतल्या जिताड्यासाठी 10 सेंटिमीटरचा तरंगता लुअर, म्हणजे मासा भुलवायचा नकली मासा, घरी करायचा असेल तर पहिली खरेदी गळाची. बहुतेक जण लाकडापासून सुरुवात करतात, सुबक मासा कोरतात, रंगवतात आणि मग जाड गळ लावले की तो दगडासारखा तळाला बसतो. या मापाला 2 किंवा 4 नंबरचे दोन ट्रेबल हुक (तीन काट्यांचे गळ) पुरतात. हुक जाड तारेचे, टिनचा मुलामा दिलेले हवेत. गोड्या पाण्यातले बारीक हुक जिताडा एका झटक्यात सरळ करतो. हुक आणि स्प्लिट रिंगा (हुक लुअरला अडकवायच्या दुपदरी कड्या) छोट्या डिजिटल काट्यावर तोलून आकडा लिहून ठेवा, कारण पुढचा सगळा हिशोब त्यावरच बसवायचा आहे. लुअरची आकृती कागदावर काढून त्यावर दोन्ही हुक ठेवून बघा. लोंबताना एकाचा काटा दुसऱ्यापर्यंत पोचत असेल तर फेकताना ते एकमेकांत अडकणारच.

लाकूड सावर किंवा पांगाऱ्याचं चालेल. दोन्ही हलकी, चाकूने सहज कापली जातात. ते पूर्ण वाळलेलं हवं: तुकडा रोज तोला, वजन उतरायचं थांबलं की घ्या. ओलसर लाकडावर रंग चढवला तर आठवड्याभरात पोटाशी भेग दिसते. लिपची (लुअरच्या तोंडाखालच्या पारदर्शक पट्टीची) खाच मात्र चौकोनी ठोकळ्यातच पाडा. गोल केल्यावर ती सरळ पडत नाही आणि तिरक्या लिपचा लुअर गरगर फिरतो.

मऊ लाकडात स्क्रू-आय (कडी असलेले स्क्रू) लावून भागवू नका, मोठा मासा उसळला की ते उपटून येतात. नाकापासून शेपटीपर्यंत अखंड तार हवी: स्टेनलेस, 316 ग्रेडची, 1 ते 1.2 मिलिमीटर. चुंबक लावून स्टील पारखायची सवय इथे फसवते, कारण ओढून काढलेली चांगली 304 तारही चुंबकाला थोडी चिकटते. तारेसाठी पोटात हॅकसॉने खाच पाडायची. एका पात्याची अपुरी वाटली तर दोन पाती जोडून चालवा.

लिपला पॉलिकार्बोनेट घ्या, 1.5 मिलिमीटर. ॲक्रिलिक दिसायला तसंच, पण खडकावर आपटलं की तुटतं. पट्टी वाकवून बघा. कडकन मोडली तर ती ॲक्रिलिक. 6-7 सेंटिमीटरच्या लुअरला जुनी सीडी छान चालते, तीही पॉलिकार्बोनेटचीच, 1.2 मिलिमीटर जाड. डीव्हीडी नको: ती दोन पातळ थर चिकटवलेली असते, पाण्यात सुटते. लिप थिनरने पुसू नका, बारीक तडे जातात.

वजनाला शिशाचे गोळे. 6 मिलिमीटरचा गोळा साधारण 1.3 ग्रॅम भरतो. शिसं स्वयंपाकघरात वितळवू नका, तयार गोळेच आणा आणि हाताळल्यावर हात धुवा. भोकं पाडण्याआधी लाकडाला सीलरचा एक हात देऊन हुक रबरबँडने बांधा, गोळे पोटाला टेपने चिकटवा आणि बादलीत सोडा. पाठ जेमतेम पाण्याबाहेर, अंग आडवं, असं तरंगलं की जागा ठरली. गोळे फार मागे गेले तर शेपूट लोंबते आणि हालचाल मरते. बादलीत लिटरला 35 ग्रॅम मीठ टाका. 20 ग्रॅमच्या लुअरला खारं पाणी अर्धा ग्रॅम जास्त उचलून धरतं, म्हणूनच उन्हाळ्यात नीट तरंगणारा लुअर पावसाळी खाडीत जरा खाली बसतो.

रंग कोणताही ॲक्रिलिक, त्यावर दोन भागांचं, रेझिन आणि हार्डनर मिसळून लावायचं इपॉक्सी. प्रमाण वजनाचं की आकारमानाचं, ते डब्यावर वाचा. हे चुकलं की चिकटपणा कधीच जात नाही. भर पावसात कोटिंग करूच नका, दमट हवेत वर तेलकट साय येते. घट्ट होईपर्यंत लुअर फिरता ठेवा, नाहीतर थेंब पोटाशी जमतो.

नाकाची, दोरी बांधायची तारेची कडी 4 मिलिमीटर बाहेर राहू द्या. ओढताना लुअर उजवीकडे पळाला तर समोरून बघत कडी पकडीने किंचित डावीकडे वाकवायची, आणि त्याला तेवढी जागा लागते.