फाइलचा आकार कमी करताना या चुका टाळा

गुणपत्रिकेचा स्कॅन पोर्टलच्या २०० केबीच्या मर्यादेत बसत नाही म्हटल्यावर अनेक जण ती फाइल आधी झिप करून, म्हणजे दाबून लहान करणाऱ्या फाइलमध्ये भरून पाहतात. जेपीजी चित्रातली माहिती मुळातच दाबून बसवलेली असल्यामुळे झिपने त्यात नगण्य फरक पडतो. व्हिडिओचेही तेच, आणि वर्डची डॉकएक्स फाइल तर आतून झिपच असते.

स्कॅनचे खरे ओझे पिक्सेलांचे, म्हणजे चित्र ज्यांनी बनते त्या ठिपक्यांचे असते. ए४ कागद ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) स्कॅन केला, की २४८० × ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख पिक्सेल होतात. १५० डीपीआयला ते एक चतुर्थांशावर येतात. छापील गुणपत्रिका करड्या छटांत आणि १५० डीपीआयला सहसा नीट वाचता येते. शिक्का पुसट असेल तर २०० डीपीआय ठेवावे. याउलट पिक्सेल तेवढेच ठेवून केवळ क्वालिटी तळाला नेली, तर जेपीजी ८ × ८ पिक्सेलांच्या चौकोनांत काम करत असल्यामुळे अक्षरांभोवती डाग उमटतात, आणि देवनागरीत अनुस्वार व रफार सर्वांत आधी बुजतात. तीच फाइल पुन्हापुन्हा सेव्ह केल्याने ही झीज वाढत जाते. म्हणून प्रत्येक नवा प्रयत्न मूळ स्कॅनपासूनच करावा.

संगणकावर टाइप केलेला अर्ज छापून, स्कॅन करून पीडीएफ बनवण्याची पद्धत तर निव्वळ उधळपट्टी आहे, कारण त्यात अक्षरांचे चित्र होते, फाइल फुगते आणि मजकूर शोधताही येत नाही. सहीची गरज नसेल, तर वर्डमधूनच थेट पीडीएफ करावी.

वर्डमध्ये फोटो क्रॉप केला, तरी कापलेला भाग फाइलमध्ये तसाच राहतो. त्याने आकार कमी होत नाही, शिवाय आधार कार्डाचा क्रमांक क्रॉप करून झाकला असेल, तर फाइल मिळालेला माणूस तो दोन क्लिकांत उघड करू शकतो. ‘कंप्रेस पिक्चर्स’मध्ये जाऊन ‘डिलीट क्रॉप्ड एरियाज’ निवडून फाइल सेव्ह केली, म्हणजे तो भाग खरोखर जातो.

फाइलच्या नावातले पीएनजी खोडून जेपीजी लिहिल्याने प्रकार बदलत नाही; ‘सेव्ह अ‍ॅज’ वापरावे. आणि आधार, पॅन यांसारखी कागदपत्रे आकार कमी करण्यासाठी अनोळखी संकेतस्थळांवर चढवू नयेत. विंडोजमधल्या पेंटमध्ये ‘रीसाइझ’ करूनही बहुतेक वेळा काम भागते.