प्रणालीची अनेक मॉडेल्स एकत्र करताना या चुका टाळा

मॉडेल-आधारित विकासात, म्हणजे आधी सॉफ्टवेअरची मॉडेल्स बनवून त्यांवरून कोड तयार करण्याच्या पद्धतीत, एकाच प्रणालीची रचना, वर्तन आणि डेटा दाखवणारी मॉडेल्स वेगवेगळी असतात आणि बहुधा ती वेगवेगळ्या गटांच्या हातात असतात. ती एकत्र करताना उद्भवणाऱ्या बहुतेक अडचणींच्या मुळाशी एकच प्रश्न असतो: दोन मॉडेल्समधले कोणते घटक खरोखर एकच आहेत? याचे उत्तर स्वतः न ठरवता ते साधनावर सोपवणे, ही माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

नाव सारखे दिसले की घटकही एकच, असे सहज धरले जाते. बिलिंगच्या मॉडेलमधला ‘ग्राहक’ पैसे भरणारा आणि वितरणाच्या मॉडेलमधला ‘ग्राहक’ माल स्वीकारणारा असेल, तर दोघांचा एक क्लास (एका प्रकारच्या वस्तूंची व्याख्या) केल्यावर त्यातला ‘पत्ता’ नेमका कोणाचा, हे सांगता येत नाही. उलट, नावावरून जुळवणी करणाऱ्या साधनाला नाव बदललेला घटक म्हणजे एक वगळलेला आणि एक नव्याने आलेला घटक वाटतो. म्हणून प्रत्येक घटकाला तयार होतानाच कायमचा आयडी द्यावा. ईएमएफ (एक्लिप्सची मॉडेलिंग चौकट) मॉडेल ज्या एक्सएमआय फाइलमध्ये साठवते, तीत असा आयडी नसेल, तर संदर्भ सामान्यतः घटकाच्या यादीतील क्रमांकावरून लिहिला जातो; मग मधे एखादा नवा घटक घातला, तरी दुसऱ्या फाइलमधला जुना संदर्भ शेजारच्याच घटकाकडे वळू शकतो. प्रकार जुळत असल्यास फाइल विनातक्रार उघडते आणि दोष फार उशिरा लक्षात येतो.

गिट ही फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारी प्रणाली ओळींची तुलना करते, तिला मॉडेलची रचना कळत नाही. त्यामुळे एक्सएमआय फाइल मजकूर म्हणून मर्ज (एकत्र) करू नये. ईएमएफ कम्पेअरसारखे मॉडेल्सची तुलना करणारे साधन वापरावे, आणि तुलनेत दोन्ही आवृत्त्यांचा सामाईक पूर्वज (ज्या जुन्या आवृत्तीपासून दोन्ही निघाल्या ती) अवश्य द्यावा, कारण एका मॉडेलमध्ये नसलेला घटक तिथे वगळला गेला की दुसरीकडे नव्याने घातला गेला, हे त्या पूर्वजाशिवाय ठरवता येत नाही. अर्थात दोन्ही मॉडेल्स मेटामॉडेलच्या (मॉडेलमध्ये कोणते घटक असू शकतात ते ठरवणाऱ्या मॉडेलच्या) एकाच आवृत्तीवर आणणे हे त्याआधीचे काम आहे.

मर्ज करताना एकही विरोध दिसला नाही, म्हणजे मॉडेल बरोबर आहे, असे मानू नये. एका शाखेत (स्वतंत्रपणे बदलत गेलेल्या आवृत्तीत) ‘अ’ हा क्लास ‘ब’पासून वारसा घेतो, म्हणजे त्याचे गुणधर्म घेतो, आणि दुसऱ्या शाखेत ‘ब’ हा ‘अ’पासून घेतो, दोन्ही बदल वेगवेगळे पाहिले तर वैध, पण एकत्र आल्यावर वारशाचे चक्र तयार होते, जे यूएमएलला (सॉफ्टवेअरची मॉडेल्स काढण्याच्या प्रमाण भाषेला) मान्य नाही. म्हणून ओसीएलमध्ये (मॉडेलवरचे नियम लिहिण्याच्या भाषेत) लिहिलेले निर्बंध प्रत्येक मर्जनंतर संपूर्ण मॉडेलवर पुन्हा चालवावेत.

दोष जनरेट झालेल्या कोडमध्ये दिसला, तरी दुरुस्ती तिथे करू नये, कारण पुढच्या जनरेशनमध्ये ती पुसली जाण्याची शक्यता असते. कोडचा भाग कोणत्या घटकातून आला हे नोंदवणाऱ्या ट्रेस-दुव्यांवरून मूळ घटकापर्यंत जावे, तो कोणत्या मॉडेलमधून आला ते पाहावे आणि त्याच मॉडेलमध्ये बदल करून सगळी मॉडेल्स पुन्हा जोडावीत.