प्लग आवळताना ट्रॅक्टरचा हात बाजूला ठेवा

आयटीआयमधून मोटार मेकॅनिक होऊन गॅरेजला लागलेल्या पोरांना स्पार्क प्लगचा गॅप कसा बघायचा, काजळी कशी ओळखायची हे मी सांगत बसणार नाही. ते तुम्हाला येतं. मला बोलायचंय ते फक्त शेवटच्या अर्ध्या फेऱ्याबद्दल. नवा प्लग हातानं पूर्ण बसल्यावर पान्यानं जो अर्धा फेरा द्यायचा असतो, त्यातच ॲल्युमिनियमच्या हेडचे, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचे, आटे टिकतात किंवा जातात.

माझी सुरुवात लातूरकडच्या एका ट्रॅक्टर गॅरेजात झाली. डिझेल इंजिनं, त्यामुळे स्पार्क प्लगचा संबंधच नाही. काळ्या रानात दिवसभर नांगर ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा बोल्ट ढिला राहिला तर जिवावर बेततं, म्हणून उस्ताद अंगातला सगळा जोर काढायला लावायचे. तिथे ते योग्यच होतं. पुढे दुचाकीच्या गॅरेजात आलो तेव्हा सोबत तोच हात आला. ‘अजून थोडं’ ही सवय मनगटातून निघायला फार वेळ लागला. प्रत्येक प्लगला पोटात गोळा यायचा, आणि विचारायची लाज वाटायची. आपल्याकडची बरीच पोरं याच वाटेनं येतात, म्हणून हे लिहितोय.

शंभर-सव्वाशे सीसीच्या बहुतेक गाड्यांत १० मिमी आट्याचा प्लग असतो. एनजीके या प्लग कंपनीच्या नंबरात पहिलं अक्षर सी असेल तर १० मिमी, डी असेल तर १२, बी असेल तर १४. वॉशरच्या प्लगला ॲल्युमिनियम हेडमध्ये १० मिमीसाठी १० ते १२ न्यूटन मीटर, १२ मिमीसाठी १५ ते २० आणि १४ मिमीसाठी २५ ते ३० एवढाच टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, लागतो, तोही कोरड्या आट्यांवर. गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर पुस्तकाचं ऐका. १२ न्यूटन मीटर म्हणजे वीतभर लांबीच्या पान्याच्या टोकाला जेमतेम सहा किलोचा भार. ट्रॅक्टरवर घडलेल्या हाताला हा भार जाणवतसुद्धा नाही.

आता मुख्य सापळा, आणि इथे मी लांबण लावणार आहे.

नव्या प्लगचा वॉशर आतून पोकळ, घडी घातलेला असतो. प्लग बोटांनी फिरवत नेला की वॉशर हेडला टेकतो आणि थांबतो. तिथून पान्यानं साधारण अर्धा फेरा द्यायचा. १० मिमीच्या प्लगचा आटा १ मिमी अंतराचा असतो, म्हणजे अर्ध्या फेऱ्यात प्लग अर्धा मिमी खाली जातो, आणि हे अंतर वॉशर चेपण्यातच खर्च होतं. चेपताना हाताला मऊ लागतं. ट्रॅक्टरच्या हाताला मऊ म्हणजे ढिलं. म्हणून पोरगं ओढतं. वॉशर पुरता बसला की पाना जड होतो, तिथेच थांबायचं असतं. पण पोराच्या मनात मघाचा मऊपणा असतो, ते म्हणतं ‘अजून थोडं’. आता दबायला वॉशर उरलेला नाही. सगळा ताण हेडच्या आट्यांवर जातो, आणि पोलादापुढे ॲल्युमिनियम हरतं. मग पाना पुन्हा हलका पडतो. हा दुसरा हलकेपणा म्हणजे आटे निघाले.

म्हणजे मऊ, जड, मऊ. पहिला मऊपणा वॉशरचा, दुसरा नुकसानीचा, आणि मधल्या जडपणाची जागा अगदी अरुंद. जुना प्लग परत बसवताना तर पहिला मऊपणा येतच नाही, कारण वॉशर आधीच चेपलेला आहे. तिथे अर्धा फेरा दिलात तर आटे गेलेच म्हणून समजा. वापरलेल्या प्लगला टेकल्यापासून फेऱ्याचा बारावा भाग पुरतो, घड्याळाचा काटा एका आकड्यावरून पुढच्यावर जातो तेवढाच. वॉशर नसलेल्या, निमुळत्या बैठकीच्या प्लगला त्याहूनही कमी, सोळावा भाग. नव्या प्लगच्या खोक्यावर किती फेरा द्यायचा हे बहुधा चित्रासकट छापलेलं असतं. खोकं फेकण्याआधी बघा.

गरम इंजिनाला हात लावू नका. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. तापलेल्या हेडमध्ये आवळलेला प्लग गार झाल्यावर वेगळ्याच ताणात असतो, आणि तापलेल्या हेडमधून ओढून काढलेला प्लग आटे सोबत घेऊन येऊ शकतो. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे सावलीतही गाडी लवकर निवत नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी गिऱ्हाईक डोक्यावर उभं राहतं, “एका प्लगाला एवढा वेळ?” म्हणतं. त्यांना चहा पाजा, “मामा, हेड गेलं तर खर्च जास्त येईल” असं सरळ सांगा. ऐकतात लोक.

काढण्याआधी प्लगच्या खोबणीत हवा मारा. आपल्याकडची बारीक काळी धूळ आणि उसाच्या ट्रॉलीमागे उडालेला कचरा तिथे साचतो. हवा न मारता प्लग काढला तर हा कचरा सरळ सिलिंडरमध्ये जातो.

बसवताना पाना पहिल्यांदा हातात घ्यायचाच नाही. प्लगच्या डोक्यावर पेट्रोलच्या नळीचा तुकडा घाला, आधी उलटा फिरवा, आटा बारीकसा ‘टक्’ करून खाली बसल्याचं जाणवेल, मग सुलटा फिरवा. आटा वाकडा धरला असेल तर नळी प्लगवर घसरते, जबरदस्ती होतच नाही. हा एकच शॉर्टकट मला मान्य आहे. इम्पॅक्ट गननं प्लग बसवणाऱ्याकडे काम शिकू नका, तो कितीही नावाजलेला असो.

आट्यांना ऑइल किंवा ग्रीस लावायचा सल्ला हमखास मिळेल. आजच्या बहुतेक प्लगवर मुलामा असतो, त्याला ते लागत नाही. वंगणानं घर्षण कमी होतं, त्यामुळे टॉर्क पान्यावर, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्यावर, आकडा तोच दिसतो पण आट्यांवर ताण जास्त पडतो. पुस्तकात लिहिलं असेल तरच लावा.

उस्तादांबद्दल मला आदर आहे, पण ‘हाताचा अंदाज’ हा शब्द मला खटकतो. त्यांचा अंदाज वीस वर्षांचा असतो आणि तो तोंडी देता येत नाही. तुम्ही टॉर्क पाना घ्या. अर्धा इंची मोठा घेऊ नका. त्याची आकड्यांची पट्टी जिथून सुरू होते तिथे १० मिमीच्या प्लगची मर्यादा बहुधा संपलेली असते. पाव इंची लहान घ्या, हळू ओढा, पहिल्या ‘कट्’ला थांबा.

एवढं वाचून कोणी घाबरून प्लग ढिला ठेवेल, तर तेही घातक. प्लगची उष्णता आट्यांतून आणि वॉशरमधून हेडमध्ये जाते. प्लग ढिला असला की तो तापतो, ठिणगीआधीच पेट्रोल पेटू लागतं, पिस्टन जळण्यापर्यंत गोष्ट जाते. बुडाशी काळा-तपकिरी डाग आणि फुसफुस आवाज आला तर प्लग ढिला आहे. आकड्यापर्यंत आवळा, निर्धास्तपणे. तेवढं सोसण्यासाठीच हेड बनवलेलं असतं.

हात तयार करायचा असेल तर भंगारवाल्याकडून एखादं जुनं हेड आणा आणि गॅरेजातले टाकाऊ प्लग जमवा. दहा-बारा वेळा टॉर्क पान्यानं नीट बसवा. मग एकदा मुद्दाम आटे काढा, त्या दुसऱ्या मऊपणापर्यंत जा. गिऱ्हाइकाच्या गाडीवर तो ओळखण्यापेक्षा भंगारावर ओळखलेला कधीही बरा.

आणि गाडीवर तसं घडलंच, तर किक मारू नका. आटे गेलेला प्लग दाबानं बाहेर फेकला जाऊ शकतो. शेठला लगेच सांगा, हेड खोला, लेथवाल्याकडून बुश किंवा हेलीकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवून घ्या. हेड न खोलता जागेवरच टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवला तर चुरा सिलिंडरमध्ये पडतो. नीट बसवलेला बुश चांगला टिकतो, गाडी पूर्वीसारखी चालते. तुमची नोकरीही बहुधा जात नाही. लपवलंत तर मात्र जाते.