सायकलचे हँडल लॉक: ते कसे लावावे आणि कसे सांभाळावे

स्कूटर उभी केली की हँडल डावीकडे वळवून किल्ली फिरवण्याची सवय मुंबईकराच्या हाताला इतकी झालेली असते की तेव्हा त्याचे लक्षही तिकडे नसते. सायकललाही असे अंगचे कुलूप असू शकते हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते, आणि ज्यांच्या सायकलला ते असते त्यांच्यापैकी काही जण तेवढ्याच्याच भरवशावर सायकल स्टेशनबाहेर दिवसभर सोडून जातात. हे कुलूप उपयोगाचे आहे याबद्दल मला शंका नाही. पण ते काय धरून ठेवते आणि काय मोकळे सोडते हे समजून घेतल्याशिवाय त्याच्यावर विसंबू नये. शिवाय साखळीच्या कुलपात नसलेला एक धोका या कुलपात आहे, आणि मुख्यतः त्या धोक्यासाठीच मी हे सविस्तर लिहीत आहे.

कुलूप काय धरून ठेवते

हँडल, पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारा चिमटा आणि ते चाक हे तिन्ही भाग एकत्र वळतात. फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीला दुरुस्तीवाले हेड म्हणतात; त्या हेडच्या वरच्या आणि खालच्या वाट्यांमध्ये छर्रे असतात आणि त्या छर्‍यांवर हा सगळा भाग फिरतो. हँडल लॉक म्हणजे फिरणारा भाग आणि स्थिर फ्रेम यांना एकमेकांत अडकवणारी पोलादी खिटी. किल्ली फिरवली की खिटी समोरच्या खाचेत किंवा भोकात शिरते आणि हँडल त्या जागी जखडले जाते.

खिटी कुठे बसवायची, याची उत्तरे वेगवेगळ्या कारखान्यांनी वेगवेगळी काढली. नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीच्या सुपर्ब या जुन्या मॉडेलमध्ये कुलूप थेट चिमट्याच्या माथ्यात असे आणि त्याच्या किल्लीला क्रमांक असे. काही सायकलींमध्ये कुलपाचे तोंड हेडच्या बाजूला किंवा मागे दिसते. जपानमध्ये ब्रिजस्टोनने आणखी वेगळी सोय केली: मागच्या चाकाचे गोल कुलूप लावले की केबलच्या जोडणीमुळे त्याच वेळी हँडलही अडकते, म्हणजे एका हालचालीत दोन कुलुपे. आपल्या सायकलला असे काही आहे का हे पाहण्यासाठी हेडच्या चारही बाजू आणि चिमट्याचा माथा फडक्याने पुसून बघावा. जुन्या सायकलींवर रंगाचे इतके थर चढलेले असतात की किल्लीचे भोक त्याखाली बुजून गेलेले असते.

चोराची अडचण होते ती तोलामुळे. सायकल चालवताना आपण हँडल सरळ धरले आहे असे आपल्याला वाटते, परंतु प्रत्यक्षात ते सतत डावी-उजवीकडे किंचित हलत असते आणि त्या बारीक हालचालींवरच सायकलचा तोल राहतो. हँडल जखडले की चार-पाच हातसुद्धा सायकलवर बसून जाता येत नाही. ते वळलेल्या स्थितीत जखडले असेल, तर ढकलत नेऊ पाहणार्‍याची सायकल गोल फिरत राहते.

पण हेच कुलूप सायकलला जागेवर बांधून ठेवत नाही. मागचे चाक मोकळे असेल तर हँडल धरून पुढचे चाक उचलायचे आणि सायकल मागच्या चाकावर चालवत न्यायची, एवढे चोराला सहज जमते. अशी नेलेली सायकल पाहणार्‍याला पंक्चर झालेली वाटते आणि कोणी हटकत नाही. टेम्पो असेल तर तेवढेही करावे लागत नाही. म्हणून हँडल लॉकला दुसरे कुलूप मानावे. पहिले कुलूप म्हणजे फ्रेम आणि चाक यांना एखाद्या पक्क्या खांबाशी किंवा जमिनीत रोवलेल्या कठड्याशी बांधणारे कुलूप.

लावण्याची रीत

सायकल आधी स्टँडवर घ्यावी आणि कुलूप नंतर लावावे, कारण हँडल एकदा अडकले की चाक सरळ करून सायकल सावरता येत नाही. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी उचलणारा जुना दणकट स्टँड असेल तर प्रश्न येत नाही. एका पायाच्या साइड स्टँडवर मात्र वळलेले चाक सायकलला एका अंगाला ओढते, त्यामुळे कुलूप लावल्यावर सीटवर हात ठेवून सायकल हलकेच दोन्ही बाजूंना हलवून पाहावी आणि ती डगमगत असेल तर जागा किंवा दिशा बदलावी.

मग हँडल खाचेच्या दिशेने हळूहळू वळवत किल्ली फिरवावी. खिटी खाचेत बसते तेव्हा बोटांना एक स्पष्ट टप्पा जाणवतो आणि किल्ली पूर्ण फिरते. किल्ली अर्ध्यावर अडली तर जोर लावू नये. हँडल बोटभर इकडे-तिकडे करून पुन्हा प्रयत्न करावा. अर्धवट शिरलेल्या खिटीमुळे कुलूप लागल्यासारखे दिसते आणि पहिल्या झटक्याला सुटते. किल्ली काढून हँडल दोन्ही हातांनी दोन्हीकडे वळवून पाहिल्याशिवाय सायकलपासून दूर जाऊ नये.

उघडताना उलट क्रम पाळावा, आणि इथे मी कोणालाही सूट देणार नाही. कुलूप उघडल्यावर, सीटवर बसण्याआधी, हँडल डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत एकदा पूर्ण फिरवावे. ते कुठेही अडता कामा नये, टकटक आवाज येता कामा नये आणि मधल्या सरळ स्थितीतून जाताना घट्टपणा जाणवता कामा नये. यापैकी एक गोष्ट जरी घडली तरी त्या दिवशी सायकल चालवू नये, हातात धरून दुकानापर्यंत न्यावी.

हा आग्रह मी अनुभवातून धरतो. आमच्या सोसायटीच्या आवारात सायकली भिंतीला लागून उभ्या असतात, आणि पाण्याचा टँकर आत घ्यायचा झाला की वाटेतल्या सायकली कोणीतरी बाजूला सरकवते. माझ्या सायकलचे हँडल वळवून जखडलेले होते. सरकवणार्‍याने नेहमीप्रमाणे हँडल धरून ती ओढली असणार; ती वळत नाही म्हटल्यावर झटका दिला असणार. सकाळी किल्ली फिरली, कुलूप उघडले असे मला वाटले, आणि मी गेटपर्यंत सरळ गेलोही. गेटवर डावीकडे वळताना हँडल मध्येच कचकन अडले. वेग कमी होता म्हणून पाय टेकता आला. हेड उघडून पाहिले तेव्हा खिटीचे टोक भाताच्या दाण्याएवढे वाकलेले होते आणि ते अजून वाटीच्या कडेला घासत होते. तीच गोष्ट रस्त्यावर, बसच्या शेजारी घडली असती तर काय झाले असते, ते मी आजही मनात आणू इच्छित नाही.

हा धोका एकट्यादुकट्याच्या सायकलपुरता नाही. वर सांगितलेल्या जपानी रचनेत हँडलच्या कुलपाचे आवरण तडकले आणि तशीच सायकल वापरत राहिले, तर चालत्या सायकलचे हँडल अचानक अडकू शकते असे आढळले. त्यात माणसे जखमी झाली आणि २०१९ साली कंपनीने सुमारे ३४ लाख सायकली दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. म्हणून सायकल पडली, आपटली किंवा कोणी ओढाताण केली असा नुसता संशय आला तरी कुलपाचे आवरण, केबल आणि तोंड नीट न्याहाळावे. तडा दिसला तर त्याला चिकटपट्टी लावून वेळ मारून नेऊ नये. नवा भाग मिळेपर्यंत हँडलचे कुलूप काढून टाकावे आणि सायकल फक्त साखळीने बांधावी. सोसायटीत सायकल ठेवणार्‍यांनी वॉचमनना एकदा सांगून ठेवावे की ही सायकल हँडल धरून ओढायची नाही, सरकवायची झाली तर सीट आणि दांडा धरून उचलायची. त्यांनाही ते माहीत नसते, आणि सांगितले की ते काळजी घेतात.

पाऊस, खारी हवा आणि तेल

मुंबईच्या हवेत कुलपाचा खरा शत्रू गंज आहे. हवामान खात्याच्या वेळापत्रकात इथे मोसमी पाऊस येण्याची तारीख ११ जून अशी आहे, तेव्हा मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कुलपाची देखभाल उरकून घ्यावी. वरळी, दादर, माहीम, वर्सोवा अशा समुद्राजवळच्या वस्तीत राहणार्‍यांनी ती दिवाळीनंतर पुन्हा करावी, कारण खारा वारा बाराही महिने वाहतो.

आपल्याकडे अडकलेल्या कुलपात खोबरेल सोडण्याची पद्धत आहे. हेतू चांगला असला तरी खोबरेल कालांतराने चिकट होते, थंडीत थिजते आणि रस्त्यावरची धूळ धरून ठेवते. सहा महिन्यांनी त्या तोंडात काळा चिखल सापडतो. किल्लीच्या भोकात ग्रॅफाइटची कोरडी भुकटी उत्तम. ती हाताशी नसेल तर मऊ शिशाची पेन्सिल किल्लीच्या दोन्ही अंगांवर आणि दात्यांवर गडद होईपर्यंत घासावी आणि किल्ली आठ-दहा वेळा आत-बाहेर करून फिरवावी. फरक लगेच बोटांना कळतो. ग्रॅफाइट आणि तेल मात्र एकत्र करू नये, त्यांचा लगदा होतो. आधी तेल घातलेले असेल तर कुलूप साफ करणारा पातळ फवारा मारून, दिवसभर वाळू देऊन मगच भुकटी वापरावी.

खिटी जिथे बाहेर सरकते ती बाजू वेगळी. तिथे ग्रीसचा पातळ थर हवा, आणि हेडच्या छर्‍यांना ग्रीस लावायला सायकल खोलली जाते तेव्हाच ते काम सांगून करून घ्यावे. वाट्या ढिल्या असतील तर चिमटा आत हलतो, खाच आणि खिटी समोरासमोर येत नाहीत आणि दोष विनाकारण कुलपावर येतो. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे ढकलावी. हेडमध्ये खट्खट् जाणवले तर आधी वाट्या कसून घ्याव्यात, बहुतेकदा तेवढ्याने कुलूपही सरळ लागू लागते.

पावसात किल्लीचे भोक उघडे राहत असेल तर त्यावर रबराची झडप बसवावी, किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा पट्टीसारखा गुंडाळावा. पंक्चरवाल्याकडे असा तुकडा मागितला तर तो सहसा पैसेही घेत नाही.

ज्यांच्या सायकलला हे कुलूप नाही

हेडला भोक पाडून कुलूप बसवून देतो असे कोणी म्हटले तर नकार द्यावा. रस्त्याचा प्रत्येक धक्का चिमट्यातून हेडवर येतो आणि तिथे पाडलेले भोक म्हणजे भेगेला दिलेली सुरुवात. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमवर तर हा विचारही करू नये. हेच काम एका आखूड, जाड साखळीने होते. पुढचे चाक एका बाजूला वळवावे, साखळी आर्‍यांमधून आणि रिमच्या आतून घेऊन फ्रेमच्या तिरक्या नळीभोवती शक्य तितकी घट्ट आवळावी आणि कुलूप लावावे. हँडल वळत नाही आणि पुढचे चाकही फिरत नाही, म्हणजे अंगच्या कुलपापेक्षा थोडे जास्तच मिळते. साखळीत ढील राहिली तर उपयोग नाही. दोन बोटे शिरतील इतकीच जागा सोडावी. ही साखळी हँडलवर अडकवून फिरू नये, ती पुढच्या चाकात जाण्याची भीती असते. सीटखाली गुंडाळून ठेवावी.

मुलुंड, भांडुप, विक्रोळीसारख्या स्टेशनांबाहेर सकाळी सातला सायकल लावून रात्री परतणार्‍यांना माझा सल्ला असा की साखळीने फ्रेम आणि मागचे चाक कठड्याला बांधावे, हँडलचे कुलूप लावावे, आणि जागा अशी निवडावी जिथे डबेवाल्यांच्या किंवा दूधवाल्यांच्या सायकलींची ये-जा असते. माणसांची नजर फिरत राहते तिथे कुलूप फोडायला वेळ मिळत नाही.

किल्ली आणि कागद

किल्लीवर किंवा कुलपाच्या तोंडावर क्रमांक असेल तर तो घरच्या वहीत लिहून ठेवावा. किल्ली हरवल्यास नवी करून घेताना तो उपयोगी पडतो. सायकलवर मात्र तो कुठेही लिहू नये, आणि तोंडावर कोरलेला असेल तर नोंद करून त्यावर रंगाचा ठिपका द्यावा. कुलूप उघडल्यावर किल्ली त्यातच राहत असेल तर तिला घराच्या किल्ल्यांचा जुडगा लटकवू नये, कारण हलणारा जुडगा किल्लीला पीळ देत राहतो. दुसरी किल्ली पहिल्याच दिवशी घरात वेगळी ठेवावी.

पॅडल जिथे बसतात त्या नळीच्या खालच्या अंगाला बहुतेक सायकलींवर फ्रेम क्रमांक ठोकलेला असतो. सायकल उलटी करून त्याचा फोटो काढावा आणि तो बिलाच्या फोटोशेजारी ठेवावा. सायकल गेलीच, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली ती चोरीच आहे आणि तिची तक्रार नोंदवून घेण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. नोंदवलेल्या तक्रारीची प्रत विनामूल्य मिळते. तक्रारीत रंग आणि कंपनी यांच्यासोबत फ्रेम क्रमांक आणि हँडल लॉकची नोंद जरूर करावी. पोलीस ठाण्याच्या आवारात सापडलेल्या सायकलींची रांग लागलेली असते, आणि त्यातली आपली कोणती हे दाखवताना हातातली किल्ली त्या कुलपात फिरली तर तेवढा चांगला पुरावा दुसरा नाही.

जुनी सायकल विकत घेताना दोन्ही किल्ल्या मागाव्यात, विक्रेत्यासमोर कुलूप तीन-चार वेळा लावून-उघडून पाहावे आणि हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवावे. एकच किल्ली असेल तर दुसरी कुठे गेली ते विचारावे, आणि उत्तर पटले नाही तर कुलपाचे तोंड बदलून घेण्याचा खर्च किमतीतून वजा करायला सांगावा.