पोविस कॅसल बघायला जाताय? या चुका टाळा

इंग्लंडात राहणारी मराठी मंडळी सुट्टीला वेल्समध्ये जातात, पण वेल्शपूलचा पोविस कॅसल बरेचदा घाईत उरकतात. मला याची फार हळहळ वाटते. मध्ययुगीन किल्ल्याचा पुढे सरदारी वाडा झालेली ही वास्तू आणि तिची बाग पूर्ण दिवस मागते.

पहिली चूक घरीच होते. वेल्श भाषेत या किल्ल्याला पूर्वी 'कास्टेल कोख', म्हणजे लाल किल्ला म्हणत. त्याच नावाचा दुसरा किल्ला कार्डिफजवळ आहे, एकोणिसाव्या शतकात नव्यानं बांधलेला. नकाशात 'पोविस' आणि 'वेल्शपूल' दोन्ही नावं टाका, नाहीतर वेल्सच्या दुसऱ्या टोकाला पोचाल. बर्मिंगहॅमहून वेल्शपूलला थेट रेल्वे आहे, पुढे चढाची चाल. वास्तू नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. वाड्याच्या आणि बागेच्या वेळा वेगळ्या असू शकतात, त्या आदल्या दिवशी बघून घ्या.

बाग शेवटी ठेवू नका. तिचे पायऱ्यांसारखे मजले (टेरेस) उतारावर आग्नेयेकडे तोंड करून आहेत, म्हणजे ऊन सकाळचं. सगळ्यात मोठी चूक अशी की लोक वरच्या मजल्यांवरच उभे राहतात, शिशाच्या मेंढपाळांच्या पुतळ्यांसोबत फोटो काढतात आणि परततात. वरून ही बाग दिसतच नाही! खाली मोठ्या हिरवळीपर्यंत उतरा, तिचं पार दुसरं टोक गाठा आणि मग मागे वळून बघा. लाल दगडाचा वाडा, त्याखाली एकावर एक मजले आणि भिंतींवरून ढगांसारखी ओघळणारी, तीनशे वर्षांची यू नावाची सदाहरित झाडं. त्यांची छाटणी करायला माळ्यांना कित्येक आठवडे लागतात. मग शेजारची, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वाड्याच्या तेव्हाच्या मालकीणबाई लेडी व्हायोलेट यांनी आखलेली सफरचंदांच्या झाडांची बाग बघा. सोबत आजी-आजोबा असतील तर परतीचा चढ लक्षात ठेवा आणि बिनपायऱ्यांची वाट आधीच विचारून घ्या. मुलं असतील तर यूची लाल फळं तोंडात घालू देऊ नका. बी आणि पानं विषारी असतात.

आता वाड्यातलं, हिंदुस्थानातून आलेल्या वस्तूंचं क्लाइव्ह संग्रहालय. 'प्लासीच्या क्लाइव्हचं घर' अशी समजूत घेऊन आत गेलात तर पुढचं सगळं चुकतं. रॉबर्ट क्लाइव्ह १७७४ मध्ये वारला. त्याचा मुलगा एडवर्ड याचं लग्न १७८४ मध्ये पोविसच्या घराण्यातल्या हेन्रिएटाशी झालं, तेव्हा कुठे हा संबंध आला. एडवर्ड १७९८ ते १८०३ मद्रासचा गव्हर्नर होता आणि त्याच काळात, १७९९ मध्ये, टिपूची राजधानी श्रीरंगपट्टण पडली. म्हणून टिपू सुलतानाचा छिटाचा तंबू आज वेल्समध्ये आहे.

तरी रॉबर्टला आपण विसरू शकत नाही. फेब्रुवारी १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग पडला, तेव्हा इंग्रजांच्या जमिनीवरच्या फौजेचा प्रमुख तोच होता आणि पेशव्यांचं सैन्य इंग्रजांच्या बाजूनं होतं. हे ठाऊक असेल तर त्या काचेच्या कपाटांसमोर नुसतं 'इंग्रजांनी लुटलं' म्हणून पुढे जाववत नाही, पाय तिथेच रेंगाळतात.

संग्रहालयात अंधार वाटला तर मोबाइलचा दिवा लावू नका. जुनं कापड उजेडानं विरतं, म्हणून प्रकाश मुद्दाम मंद असतो. दोन मिनिटं थांबा, डोळे सरावतात. दालनातल्या स्वयंसेवकांना मोकळेपणानं प्रश्न विचारा. आणि टिपूच्या सिंहासनावरचं सोन्याचं वाघाचं डोकं शोधून बघा. ते अगदी लहान आहे, तंबूकडे बघण्याच्या नादात हमखास सुटतं.